पाय स्वस्थ बसत नाहीत? यंत्र विकत घेण्याआधी दोन गोष्टी ऐका

गेल्या वर्षी एक बाई मुलासोबत दवाखान्यात आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, वय साठीच्या आसपास. मुलाच्या हातात भलंमोठं खोकं होतं. त्यात पायांचं मसाज मशीन.

"डॉक्टर, साडेअठरा हजारांचं आहे. सात दिवसांत परत करता येतं. आईला लावू ना?"

मी म्हटलं, "मशीनचं नंतर बघू. बाई, रात्री नक्की काय होतं ते आधी सांगा."

"दुखत नाही हो. दुखलं असतं तर बरं, सांगता तरी आलं असतं. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळतं. पाय हलवला की थांबतं, टेकला की पुन्हा सुरू. मग जुनी ओढणी घट्ट बांधते, नाहीतर हॉलमध्ये फेऱ्या मारते. दोन-अडीचला कुठे डोळा लागतो. घरचे म्हणतात, आईला स्वस्थ बसवतच नाही."

मी त्यांची जुनी फाईल उघडली. तीन वर्षांपूर्वी त्या हीच तक्रार घेऊन माझ्याकडेच आल्या होत्या. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: कॅल्शियम, बी-१२, रात्री कोमट तेलाने मालिश. आणि मी त्यांना म्हणालो होतो, "वयोमानाने होतं असं." तीन वर्षं त्या बाई माझ्या त्या एका वाक्यावर रात्री फेऱ्या मारत होत्या.

म्हणून आजचा लेख. विषय आहे रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम आणि त्यासाठी मिळणारी बिनऔषधी यंत्रं. माझं मत आधीच सांगतो. ही सगळी यंत्रं थोतांड नाहीत. काहींच्या मागे खरा अभ्यास आहे. पण आपल्याकडे ती चुकीच्या क्रमाने वापरली जातात. जे तिसऱ्या-चौथ्या पायरीवर यायला हवं ते आपण पहिल्या पायरीवर विकत घेतो.

हा आजार ओळखायचा कसा?

इंग्लंडमधले डॉक्टर थॉमस विलिस यांनी सतराव्या शतकातच या त्रासाचं वर्णन करून ठेवलं होतं. स्वीडनचे कार्ल एकबोम यांनी 1945 मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं आणि आजचं नाव रूढ झालं. म्हणजे हे मोबाईलच्या जमान्याचं नवीन खूळ नाही.

निदानासाठी एमआरआय लागत नाही. पाच प्रश्न पुरतात.

1. पाय हलवावेत अशी अनावर ओढ लागते का? सोबत वळवळ, शिवशिव, ओढ, आतून खाज असं काहीतरी सांगता न येणारं जाणवतं का?
2. बसल्यावर किंवा आडवं झाल्यावर हे सुरू होतं किंवा वाढतं का?
3. चाललं, पाय ताणले की निदान तेवढ्यापुरतं थांबतं का?
4. संध्याकाळी आणि रात्री जास्त असतं का?
5. दुसऱ्या कशाने याचा उलगडा होत नाही ना? म्हणजे गोळा येणं, सांधेदुखी, पायावरची सूज, एकाच बाजूवर बसून पाय बधिर होणं वगैरे.

पाचही उत्तरं "हो" आली तर हा आजार असण्याची शक्यता खूप आहे. पोटरीत गोळा आला तर स्नायू दगडासारखा कडक होतो आणि दुखतो. इथे तसं होत नाही. मधुमेहात नसा खराब झाल्या तर तळव्यांची आग बहुधा चालूनही थांबत नाही. इथे चाललं की आराम पडतो. हा फरक नीट समजून घ्या. चुकीच्या आजाराला बरोबर यंत्र लावूनही काही उपयोग होत नाही.

पाय चेपल्याने बरं का वाटतं?

आपल्या घरांत यावर पिढ्यान् पिढ्या "उपकरणं" आहेतच. नातवंडांकडून पाय चेपून घेणं, पोटरीला फडकं आवळून बांधणं, काशाच्या वाटीने तळवे घासणं, गार फरशीवर पाय ठेवणं. ज्या आजीला "हिला सारखी सेवा करून घ्यायची सवय" म्हणून हिणवलं गेलं, तिला कदाचित हाच आजार असेल.

यात शास्त्र आहे. कोपर आपटलं की आपण ते चोळतो. चोळण्याचा, दाबाचा, कंपनाचा संदेश मज्जारज्जूपर्यंत पोचला की तिथून वर जाणारा त्रासाचा संदेश काही प्रमाणात अडवला जातो. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ही कल्पना मांडली. दुसरं असं की, चालताना स्नायूंकडून मेंदूकडे "पाय हलतोय" असा निरोप सतत जात असतो आणि त्याने ही ओढ शमते. मग प्रत्यक्ष न चालता, झोपल्या जागी तोच निरोप पाठवता आला तर? बहुतेक यंत्रं यातल्याच कुठल्यातरी तत्त्वावर बेतलेली आहेत.

कोणत्या यंत्रामागे किती पुरावा?

नसेला उत्तेजन देणारे पट्टे. सध्या सगळ्यात भक्कम पुरावा यांच्या बाजूने आहे. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो. त्याला वळसा घालून पेरोनियल नावाची नस जाते. दोन्ही पायांना पट्टे बांधून या नसेला बारीक विद्युत संदेश दिले जातात. पाय उडत नाही, पण नडगीजवळचे स्नायू हलकेच ताणलेले राहतात. एक फेरी अर्ध्या तासाची. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये अशा यंत्राला परवानगी दिली. तिथे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. ज्यांना औषधांनी पुरेसा गुण आला नव्हता अशा 133 रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला. निम्म्यांना खरं यंत्र, निम्म्यांना दिसायला तसंच पण नसेला खरं उत्तेजन न देणारं. चार आठवड्यांनी खऱ्या यंत्राच्या गटात शंभरातल्या 45 जणांना ठळक फरक पडला, खोट्याच्या गटात 16 जणांना. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने 2025 च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचाराला जागा दिली, पण सरसकट सर्वांसाठी नव्हे, रुग्ण पाहून.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत हे चांगलं यश आहे. आणि तरीही शंभरातल्या 55 जणांना तसा ठळक फरक पडला नाही.

हवेने दाब देणारे बूट. शस्त्रक्रियेनंतर पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून रुग्णालयात पायाला हवेच्या पिशव्या लावतात. थोडा वेळ फुगतात, मग सैल होतात. 2009 मध्ये 35 रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीचा त्रास सुरू होण्याआधी रोज किमान तासभर हे बूट वापरल्यावर महिन्याभरात खऱ्या गटातल्या एक तृतीयांश लोकांचा त्रास पूर्ण थांबला. खोट्या गटात एकाचाही नाही. अभ्यास लहान आहे, पण नीट केलेला आहे. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये बिनऔषधी उपायांत याच्या बाजूने बऱ्यापैकी कौल दिला होता. यातली "त्रास सुरू होण्याआधी" ही अट महत्त्वाची. रात्री दोनला उठून बूट चढवण्यावर हा अभ्यास नव्हता.

कंपन देणारी गादी. पोटऱ्यांखाली ठेवायची, अर्ध्या तासात हळूहळू मंद होत बंद पडते. झोप बरी लागली असं रुग्णांनी सांगितलं, पण आजाराची तीव्रता कमी झाल्याचं दिसलं नाही. ज्यांची मुख्य तक्रार "झोप लागत नाही" एवढीच आहे, त्यांना उपयोग होऊ शकतो.

तळव्याला दाब देणारा पट्टा. तळव्याच्या आतल्या बाजूच्या, अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन स्नायूंवर दाब देतो. 30 जणांवरच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात गुण दिसला. पण तुलनेसाठी खोटा पट्टा नव्हता. जुन्या अभ्यासांतल्या गोळीच्या आकड्यांशी तुलना केली होती. याला मी पक्का पुरावा म्हणणार नाही.

इन्फ्रारेड प्रकाश आणि डोक्यावर चुंबकीय लहरी. दोन्हींचे अभ्यास लहान आहेत. यासाठी केंद्रात वारंवार जावं लागतं. प्रवास, रजा, फी यांचा हिशेब केला तर मी आजघडीला बहुतेकांना हे सुचवत नाही.

"मला तर लगेच फरक पडला!"

पडतो, खरंच पडतो. या आजाराच्या औषधांच्या अनेक चाचण्यांचा 2008 मध्ये एकत्रित अभ्यास झाला. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोकांना गुण आला होता. यात रुग्ण खोटं बोलत नसतो. काहीतरी उपाय होतोय या दिलाशाने मेंदू शांत होतो, आणि हा आजार मेंदूचाच आहे. शिवाय तो आपोआप कमी-जास्त होत असतो. आपण यंत्र घेतो तेव्हा त्रास शिगेला पोचलेला असतो. पुढच्या आठवड्यात तो तसाही थोडा उतरला असता.

म्हणूनच दुकानदार दाखवतो ते "समाधानी ग्राहकांचे" व्हिडिओ पुरावा ठरत नाहीत. मी विचारतो तो प्रश्न एकच: खोट्या यंत्राशी तुलना केली का?

आमच्याकडे मंगल कार्यालयात काशाच्या थाळीच्या मसाज मशीनचं मोफत शिबिर लागतं. तुमच्याकडेही लागत असेल. दहा-पंधरा मिनिटांत तळवे काळे होतात आणि सांगितलं जातं, "बघा, शरीरातली घाण बाहेर आली." तो काळेपणा धातू आणि तेल यांच्या घर्षणातून आलेला असतो. तळपायातून शरीरातली घाण अशी बाहेर पडत नाही. तळव्यांना मालिश झाली म्हणून बरं वाटत असेल तर आनंद आहे, माझी हरकत नाही. पण त्या काळ्या तेलाच्या भरवशावर रक्ततपासणी टाळू नका. चुंबकाचे पट्टे, तांब्याची कडी, "ऊर्जा देणारे" मोजे यांबद्दलही माझं म्हणणं हेच.

खोक्यावर परदेशी संस्थेची "नोंदणी" छापलेली असते, त्यालाही भुलू नका. कंपनीने नाव नोंदवणं वेगळं आणि ते यंत्र या आजारावर चालतं हे तपासून परवानगी मिळणं वेगळं.

मग आधी काय करायचं?

पहिली पायरी: शरीरातलं लोह. या आजारात मेंदूतल्या काही भागांत लोह कमी पडतं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी साठा रिकामा असू शकतो. म्हणून नुसता सीबीसी पुरत नाही. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या दोन तपासण्या सांगा, शक्यतो सकाळी उपाशीपोटी. लोहाची गोळी चालू असेल तर आदल्या दिवशी घेऊ नका. लॅबच्या कागदावर फेरिटिन 20 किंवा 30 असलं तरी "नॉर्मल" छापून येऊ शकतं. पण या आजारात मोठ्या माणसाचं फेरिटिन 75 किंवा त्याहून कमी, किंवा सॅच्युरेशन 20 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करायचा असतो. हा मुद्दा अनेक डॉक्टरांकडूनही निसटतो. माझ्याकडून निसटला होताच.

आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्या देशात पाय वळवळणाऱ्या बाईला फेरिटिन न तपासता साडेअठरा हजारांचं मशीन घेऊन देणं मला पटत नाही. लोहाच्या गोळ्या तुलनेत अगदी स्वस्त आहेत. मात्र तपासणीशिवाय त्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. थॅलेसेमियासारख्या आजारांत जास्तीचं लोह घातक ठरतं. आणि गोळी चहासोबत घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात. गोळी सोसत नसेल किंवा पुरत नसेल तर शिरेतून लोह देता येतं.

दुसरी पायरी: चालू औषधं. सर्दी-खोकल्याच्या आणि खाजेच्या काही गोळ्या, उलटीसाठीचं मेटोक्लोप्रमाइड, नैराश्यावरची बरीचशी औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं हा त्रास वाढवतात. झोप यावी म्हणून सर्दीची गोळी घेणारे लोक तर स्वतःच्या हाताने आगीत तेल ओततात. पण मनाच्या आजाराची गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना विचारा, पर्याय असतो. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी आणि दारू कमी करून पाहा. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण (विशेषतः शेवटचे तीन महिने) यांतही हा त्रास होतो. गरोदरपणातला बहुतेकदा बाळंतपणानंतर ओसरतो. डायलिसिसवरच्या रुग्णांत नियमित व्यायामाचा फायदा अभ्यासांत दिसला आहे.

तिसरी पायरी: औषध की यंत्र? इथे यंत्रांची खरी जागा आहे, आणि इथे आम्हा डॉक्टरांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. वर्षानुवर्षं आम्ही प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल लिहीत आलो. सुरुवातीला जादू झाल्यासारखा गुण येतो. पण काही वर्षांत अनेकांचा त्रास उलट वाढतो: रात्री दहाला सुरू होणारा दुपारी चारला सुरू होतो, पायांतून हातांत जातो. काहींना जुगाराचा, खरेदीचा अनावर नाद लागतो आणि घरच्यांना कळत नाही की हे गोळीमुळे आहे. म्हणूनच 2025 च्या सूचनांनी या गोळ्या सरसकट न वापरण्याचा सल्ला दिला आणि गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन यांना पुढे आणलं. त्यांनीही काहींना गुंगी येते, तोल जातो, सूज येते. तुम्ही आधीच प्रॅमिपेक्सोलवर असाल तर हे वाचून गोळी अचानक बंद करू नका. त्रास उसळून येतो. ती हळूहळूच कमी करावी लागते.

ज्याला गोळ्या सोसत नाहीत, ज्याला आणखी एक गोळी नको, त्याच्यासाठी पुरावा असलेलं यंत्र हा रास्त पर्याय आहे. तो मागणाऱ्या रुग्णाला हसणं हा आमचा अडाणीपणा ठरेल.

यंत्र कोणी वापरू नये?

पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्यांनी विद्युत संदेश देणारं यंत्र वापरू नये. गरोदर स्त्रियांनी आणि फिट्स येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. पायात रक्ताची गाठ असेल, ती असल्याचा संशय असेल, रक्तपुरवठा फार कमी असेल, हृदय नीट काम करत नसेल किंवा पायावर जखम अथवा जंतुसंसर्ग असेल तर दाब देणारे बूट धोक्याचे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर मालिश नको, मशीन नको, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेली असेल तर गरम होणारं कोणतंही यंत्र नको. भाजलेलंही कळत नाही.

घ्यायचंच असेल तर

शक्यतो भाड्याने किंवा परत करण्याच्या अटीवर घ्या. सात दिवस पुरत नाहीत, चार आठवडे हवेत. यंत्राआधी एक आठवडा आणि नंतर चार आठवडे वहीत रोज तीन गोष्टी लिहा: त्रास किती वाजता सुरू झाला, शून्य ते दहात किती होता, किती वेळा उठावं लागलं. त्या काळात दुसरा कोणताही नवीन उपाय सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा ते कळणार नाही. चार आठवड्यांनी वही बोलेल. फरक नसेल तर यंत्र परत करा आणि स्वतःला दोष देऊ नका.

आणि वही लिहिताना फुकटचे उपायही करून पाहा. झोपण्याआधी पोटऱ्या ताणणं, संध्याकाळी बेताचं चालणं, गरम किंवा गार शेक, प्रवासात डोकं गुंतेल असं काही हाती ठेवणं. यांतलं कोणतंही रामबाण नाही, पण खिशाला चाटही नाही.

बाईंचं पुढे काय झालं? फेरिटिन आलं 9. या वयात पाळी थांबलेली असताना लोह इतकं खाली का, हा पुढचा प्रश्न. गुडघ्यांसाठी त्या रोज दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी घेत होत्या. दुर्बिणीने पाहिल्यावर जठरात व्रण सापडला, तिथून थेंब थेंब रक्त जात होतं. ती गोळी बंद केली, व्रणावर उपचार केले, लोह भरून काढलं. चार महिन्यांत फेऱ्या बहुतेक थांबल्या.

मशीनने त्यांचे पाय त्या वेळी शांत केले असते, तर तो व्रण कदाचित रक्ताची उलटी होईपर्यंत कळला नसता. मी यंत्रांच्या विरोधात नाही, पण पाय काहीतरी सांगत असताना ते ऐकून घेण्याआधी त्यांना गप्प करायला माझा विरोध आहे. तीन वर्षांपूर्वी मीही तेच केलं होतं. फक्त मी मशीनऐवजी एक वाक्य वापरलं होतं.

तुमच्या घरात कोणी रात्री फेऱ्या मारत असेल, तर आज त्यांना वरचे पाच प्रश्न विचारा. आणि डॉक्टर "वयोमानाने होतं" म्हणाले, तर नम्रपणे म्हणा, "असेल डॉक्टर, पण फेरिटिन तपासूया का?"